विमानाखालचं दळण

सगळ्यांत आधी घरात आला तो स्टँड. त्यावर लावायचा माइक नव्हता, माइकला जोडायची पेटी नव्हती, काहीच नव्हतं. नुसता काळा, तीन पायांचा, मान वाकवून उभा असलेला स्टँड. हॉलमध्ये टीव्ही आणि देवघर यांच्या मधे त्याला जागा मिळाली आणि आठवडा उलटायच्या आत ह्यांची माकडटोपी, नचिकेतचा मफलर आणि माझी भाजीची पिशवी त्याच्या अंगावर सुखाने नांदायला लागली.

येणारं-जाणारं विचारायचं, "हे काय?"

"स्टुडिओ," मी सांगायची.

"अच्छा, अच्छा," म्हणून माणसं चहाकडे वळायची. दिल्लीच्या या द्वारकेत शेजाऱ्याला फार प्रश्न विचारायची पद्धत नाही. सगळेच नवे, सगळ्यांच्याच भिंतींना अजून रंगाचा वास.

ही स्टुडिओची भानगड माझ्या गळ्यातून निघाली. गळ्यातून म्हणजे खरोखरच गळ्यातून. दिवाळीनंतर तिथे सुपारीएवढी गाठ हाताला लागली. थायरॉइडची. तपासण्या झाल्या, गाठ साधी निघाली, पण काढावी लागणार होती. डॉक्टर भला माणूस. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. ही गाठ, आणि ही तिच्या पाठीमागून जाणारी आवाजाची नस. बहुतेकांचा आवाज जसाच्या तसा राहतो, म्हणाला, काहींचा बसतो, काहींचा बदलतो. मग पेन खाली ठेवून त्याने मला विचारलं, "आप गाती हैं क्या?"

"नहीं," मी म्हणाले.

"नहीं, नहीं," हे म्हणाले.

"गाती हैं," नचिकेत म्हणाला.

आम्ही दोघांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. चोवीस वर्षांचा मुलगा. गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये निक होऊन अमेरिकेतल्या माणसांची समजूत काढतो. घरात असला की कानात वायरी. याला कधी ऐकू आलं मी गाते ते?

गाते म्हणजे काय, ओव्या म्हणते. मी परतूरची. माझी आई पहाटे जात्यावर बसायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत पडलेली असायची. खाली जात्याची घरघर, वर तिचा आवाज. कानात ओवी शिरायची आणि गालावर पीठ उडायचं. तिच्या ओव्या कोणी लिहिल्या नाहीत. तिला लिहिता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना त्या लिहिण्याजोग्या वाटल्या नाहीत. ती गेली त्या वर्षी मी माहेरी गेले होते, तेव्हा तिने खाटेवर पडल्या पडल्या एक म्हटली होती.

*दळण सरलं बाई, पीठ भरलं सुपात*
*ठेव ठेविली मी बाई माझ्या लेकीच्या गळ्यात*

म्हणून गळ्याची मला धास्ती होती. माझं गाणं गेलं असतं तर दिल्लीत कोणाचं काय अडलं असतं? पण ठेव दुसऱ्याची होती. तीस-चाळीस ओव्या तिच्या, त्यांना जोडून माझ्या चार. त्या माझ्या आवाजात एकदा कुठेतरी राहाव्यात एवढंच मला हवं होतं. तोंडाने मात्र मी ते कधी मागितलं नाही.

नचिकेतने न मागता ओळखलं. दवाखान्यातून बाहेर येताच म्हणाला, "आई, ऑपरेशनच्या आधी आपण तुझं सगळं रेकॉर्ड करू. प्रॉपर. घरीच स्टुडिओ करू यार, मला तसाही करायचाच होता."

त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलं असतं तर बरं झालं असतं. कारण त्यानंतर जे सुरू झालं त्यात कोणालाही जवळ घ्यायला सवडच उरली नाही.

आमचे हे, म्हणजे श्रीरंगराव, मंत्रालयाच्या खरेदी विभागात नोकरीला लागले आणि तिथेच केस पिकवून बसले. टेबलं, पंखे, टाइपरायटर, पुढे कॉम्प्युटर, सरकारने काहीही घ्यायचं म्हटलं की ते ह्यांच्या सहीखालून जातं. सहीत कधी खोट निघाली नाही, याचा मला अभिमान आहे. पण ती पद्धत त्यांनी पिशवीत घालून घरी आणली. तीन कोटेशनं आल्याशिवाय आमच्या घरात बादली येत नाही. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये असताना कूलर घ्यायचा ठरला वैशाखात आणि आला नवरात्रात. त्या वर्षी घटाला वारा घातला आम्ही.

तर रविवारी जेवणाच्या टेबलावर बैठक बसली.

"आधी माइक," नचिकेत म्हणाला. "कंडेन्सर माइक. एकदम बारीक आवाजही पकडतो."

"थांब. गरज काय आहे ते आधी ठरवू," हे म्हणाले. "नुसता माइक घेऊन आवाज जाणार कुठे?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"तुझ्या कॉम्प्युटरला दम नाही. परवा दोन खिडक्या उघडल्या तर तिसरीत अडकला. आधी त्याची मेमरी वाढव."

"बाबा, मेमरी नंतर. माइक नसेल तर मेमरीत काय, तुमच्या फाइली भरू? आणि मॉनिटर पण लागतील."

"मॉनिटर आहे की आपल्याकडे."

"तो नाही हो! स्पीकर. स्टुडिओतल्या स्पीकरांना मॉनिटर म्हणतात. त्याशिवाय कळणार कसं चांगलं झालं की वाईट?"

"ऐकून कळेल," मी म्हणाले. "कानाने."

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बैठकीला नाही, पोळ्या वाढायला आले होते. पोळ्या वाढायलाच आले होते म्हणा.

"अरे, मला कोणी विचारा की मी काय गाणार आहे, किती गाणार आहे, बसून गाणार की उभ्याने!"

"ते नंतर गं," हे म्हणाले. "आधी इक्विपमेंट."

"हो आई, कंटेंट नंतर."

बाप-लेकांचं गेल्या दहा वर्षांत एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

तीन रविवार हे चाललं. माइकवर ह्यांची हरकत, मेमरीवर त्याची. स्पीकरवर दोघांची भांडणं, पेटी म्हणजे नक्की काय यावर दोघांचाही गोंधळ. शेवटी एक वस्तू अशी निघाली की तिच्यावर कोणाचीच हरकत नव्हती. स्टँड. माइक कुठलाही येवो, स्टँड लागणारच. मंत्रालयातही असंच होतं म्हणे. ज्यावर कोणी भांडत नाही ते पहिलं मंजूर होतं, मग त्याचा उपयोग असो वा नसो. असा तो स्टँड आला, आणि माकडटोपी घालून उभा राहिला.

मी पाहत होते. ऑपरेशनची तारीख संक्रांतीनंतरची पडली होती. संक्रांत आली, तीळ भाजून झाले, गूळ चिरून झाला. स्टँडवर आता नचिकेतचा स्वेटर वाळत होता.

"अहो, माझा गळा काही तुमच्या टेंडरची वाट बघणार नाही," मी एकदा म्हणाले.

"प्रोसेस चालू आहे," हे म्हणाले. पेपरातून डोकं वर न काढता.

मग मीच उठले. म्हटलं, चला, आजच जाऊ. मेट्रो नवीनच सुरू झाली होती द्वारकेपर्यंत. माणसं डब्यात अशी शिस्तीत उभी होती जशी देवळाच्या गाभाऱ्यात. कोणी थुंकत नव्हतं, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, एक म्हातारे गृहस्थ तर पादत्राणं काढून हातात घेऊन बसले होते. मी मनात म्हटलं, एवढी शांतता घरी असती तर स्टुडिओच लागला नसता.

चांदनी चौकाला उतरून लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात गेलो. दुकान म्हणजे वायरींचं जंगल, आणि त्यात मावळत्या सूर्यासारखा एक गोल, तांबूस चेहऱ्याचा दुकानदार. त्याने चार माइक काचेवर मांडले. नचिकेतचे डोळे असे झाले जसे लहानपणी जत्रेत व्हायचे. ह्यांनी चष्मा पुसला.

"इन चारों का अलग-अलग कोटेशन दीजिए. लेटरहेड पर."

दुकानदाराने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सर, माइक ख़रीदना है या मुक़दमा लड़ना है?"

मला हसू फुटलं. गाठीवर हात ठेवून मी पोटभर हसले. हे रागावले, पण कोटेशन सोडलं नाही. वर आणखी दोन दुकानं फिरवली. शेवटी पहिल्याच दुकानातून माइक घेतला. नचिकेतला हवा होता तोच, कंडेन्सर. नाजूक वस्तू. मखमलीच्या खोक्यात असा निजवलेला जसं बारशाचं बाळ.

घरी आणला. स्टँडवरून स्वेटर उतरला, माकडटोपी उतरली, माइक चढला. वायर कॉम्प्युटरला लावली. मी समोर बसले, पदर नीट केला.

"बोल आई."

"काय बोलू?"

"काहीही."

"तुमच्या दोघांच्या डोक्यात प्रकाश पडू दे," मी म्हणाले.

काही नाही. पडद्यावरची रेघ सपाट. दवाखान्यातल्या यंत्रावर माणूस गेल्यावर असते तशी. मला उगीच कसंतरी झालं.

तासभर वायरी उपटणं आणि खुपसणं चाललं. मग नचिकेतने कपाळावर हात मारला. त्या माइकला आपली स्वतःची वीज लागते, आणि ती वीज देते ती ती पेटी, जिच्यावर तीन रविवार भांडण झालं होतं. कॉम्प्युटरमधलं कार्ड ती देईल असं तो धरून चालला होता. जगातला सगळ्यांत बारीक आवाज पकडणारा माइक आमच्या हॉलमध्ये ठार बहिरा उभा होता.

"हे तुझ्या मागणीत नव्हतं," हे म्हणाले.

"तुम्ही मागणीत तीनच ओळी लिहू दिल्यात!"

"ओळी कितीही लिहाव्यात. मुद्दा असा की..."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि गरज नसताना मिक्सर लावला. काहीही वाटायचं नव्हतं. रिकामाच लावला.

पेटी आली. ती कशी आली, किती दुकानं झाली, ते मी सांगत नाही. मला पुन्हा आठवायचं नाही. पेटी आली आणि माइकला कान फुटले. आणि ते असे फुटले की त्याला सगळंच ऐकू यायला लागलं. शेजारच्यांचा कुकर. खालच्या मजल्यावरची भाजीवाल्याशी घासाघीस. पाण्याचा पंप. फ्रिजची हूं-हूं. लिफ्टमधली बाई दर मजल्यावर "कृपया दरवाज़ा बंद कीजिए" म्हणते ती. आणि सगळ्यांच्या वर विमानं.

आमच्या सोसायटीवरून विमानं इतकी खाली जातात की नवीन आलो तेव्हा मी चाकं बघून खिडकीतून मान आत घ्यायची. आता सवय झाली, बोलता बोलता तेवढं थांबायचं आणि विमान गेलं की वाक्य पुढे न्यायचं. पण माइकला सवय नव्हती. दर थोड्या वेळाने पडद्यावर डोंगर उभा राहायचा आणि माझी ओवी त्याच्या पायथ्याला गवतासारखी.

"रूम ट्रीटमेंट," नचिकेत म्हणाला. "खरं तर आधी तेच करायला हवं होतं."

"आधी," मी म्हणाले. "हा शब्द पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस."

भिंतींना लावायचा स्पंज फार लांबून मागवावा लागणार होता. मग ह्यांना पानिपतच्या घोंगड्यांची आठवण झाली. ह्यांच्या विभागाने एकदा तिथून हजारो घेतल्या होत्या. शनिवारी सकाळी बाप-लेक हायवेने पानिपतला गेले आणि संध्याकाळी डोक्यावर गठ्ठे घेऊन परतले. दिल्लीचा मराठी माणूस पानिपतला जाऊन घोंगड्या घेऊन येतो, इतिहासात आणखी काय व्हायचं बाकी होतं?

आमच्या झोपायच्या खोलीत दोऱ्या बांधून तंबू उभा राहिला. राखाडी, लाल काठाच्या घोंगड्यांचा. आत एक पाट, स्टँड, माइक. लोकरीचा वास. नव्या नवरीसारखं मला आत नेऊन बसवलं आणि डोक्यावर हेडफोन चढवला. कुकर गेला, पंप गेला, लिफ्टमधली बाईसुद्धा गेली. विमानं राहिली. विमान घोंगडीला भीत नाही.

मी सुरू करायची. दोन ओळी व्हायच्या, तिसरीला आभाळ गडगडायचं.

"कट! आई, परत. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे? ओवीला पहिल्यापासून नसतं रे. ती मधेच सुरू होते."

"मग मधल्यापासून म्हण."

म्हणायची. कट. म्हणायची. कट. आईच्या ओव्या माझ्या तोंडातून तुकड्या-तुकड्याने पडायला लागल्या. एका संध्याकाळी मला एक ओळ आठवेना. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. कणसातला दाणा हातातून निसटून फटीत जावा तशी ती गेली. गाठ कापायच्या आधीच ठेव चालली होती.

बाहेर हे कागद घेऊन बसले होते. म्हणाले, "मला वाटतं माइकचाच फेरविचार करावा. थोडा कमी ऐकणारा माइक मिळतो म्हणे. मी दोन ठिकाणी विचारलंय."

आणि मग माझा बांध फुटला.

"अहो, सोमवारी मला भरती व्हायचंय! तुम्ही अजून विचारताय? तुमची खरेदी चालू द्या निवांत. मी गळा कापून घेऊन येते, मग बसवा मला समोर आणि करा फेरविचार!"

नचिकेत तंबूतून बाहेर येऊन उभा राहिला होता. हे कागदाची कड बोटाने सरळ करत राहिले. सरळच होती ती.

मग हळू म्हणाले, "तारीख पुढे ढकलता येईल. डॉक्टर म्हणालेच होते, घाई नाही. हे सगळं नीट झालं की..."

"रजा टाकलीत का तुम्ही?" मी विचारलं.

"टाकतो."

"सोमवारची रजा. टाकलीत?"

"उद्या टाकतो."

नोकरीत एकही अर्ज उशिरा न देणारा माणूस. बादलीलासुद्धा तारीख लावणारा. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझा राग पाय घसरून पडला. कूलर नवरात्रात येतो तेव्हा उन्हाळा टळलेला असतो, हे त्यांना पाठ होतं. स्टुडिओ पुरा झाला नाही तर सोमवारही येणार नाही, असं काहीतरी त्या डोक्यात बसलं होतं. ते बसलंय हे त्यांना तरी कळत होतं की नाही, कोण जाणे. विचारून काही उपयोग नव्हता. आमच्यात असलं कोणी कोणाला विचारत नाही.

रविवारी सकाळी डोळे उघडले तर खिडकीत जगच नव्हतं. धुकं. समोरची सोसायटी नाही, पाण्याची टाकी नाही, आमच्याच बाल्कनीचा कठडा अर्धा पुसलेला. मी चहा ठेवला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय चुकतंय ते कळेना.

नचिकेत धावत आला. "आई! विमानं बंद! टीव्हीवर सांगतायत, सगळ्या फ्लाइट्स अडकल्यात! चल, चल, लवकर!"

मग कळलं. आभाळ गप्प होतं.

अंघोळ करून मी पाटावर बसले. बाहेर एवढी शांतता की घोंगड्यांना काही कामच उरलं नव्हतं. हेसुद्धा आज आत आले. कोपऱ्यात मांडी घालून, कानटोपीत, पाठ घोंगडीला टेकवून बसले. नचिकेतने पडदा तपासला, रेघ सपाट होती, स्वच्छ. त्याने अंगठा वर केला. असा क्षण मिळावा म्हणून दोन महिने माझं घर बाजार झालं होतं.

मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

हेडफोनमध्ये माझा श्वास. त्याच्यामागे काही नाही. खोल विहिरीत पोहरा सोडावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये तसं. कुठल्या सुरात सुरुवात करू? पाय कशावर ठेवू? एक ओळ हाताला लागली, ती उचलून पाहिली, ती थरथरत खाली पडली.

"आई, रिलॅक्स," नचिकेत म्हणाला.

मी पाणी प्याले. पुन्हा बसले. पुन्हा तेच.

"आई, आता तर विमानं पण नाहीत यार! आता काय प्रॉब्लेम आहे?" त्याचा आवाज रडवेला झाला. "दुपारी धुकं उठेल. मग पुन्हा सुरू होईल सगळं."

"तिला घाई करू नकोस," हे म्हणाले.

तास गेला, दीड गेला. माझे डोळे भरून आले, संतापाने म्हणा, लाजेने म्हणा. सगळं होतं. माइक, पेटी, घोंगड्या, शांतता. जिच्यासाठी हे सगळं घेतलं तिच्याच गळ्यात काही नव्हतं. मी म्हणणारच होते, राहू द्या, सोडा, उठते मी.

आणि फरशी हलली.

हलली म्हणजे इतकीच, तळव्याला कळेल एवढी. फार लांब, विमानतळाच्या अंगाला, धुक्याच्या पोटात काहीतरी फिरायला लागलं होतं. जड, गोल, संथ. घर्र, घर्र. वाढत वाढत जवळ येत होतं.

"झालं," नचिकेत म्हणाला आणि त्याने स्वतःचा हेडफोन काढून मांडीवर टाकला. "उठलं धुकं. संपलं."

मी ऐकत होते. माझ्या गालावर पीठ उडालं. खरंच उडालं. आई कधी शांततेत गायली होती? तिच्या प्रत्येक ओवीखाली दगडावर दगड फिरत होता. तोच तिचा सूर होता, त्याच्यावर पाय ठेवून ती वर चढायची. आणि ही माणसं गेले दोन महिने त्या ओवीखालचं जातं काढून घेण्याच्या खटपटीत होती. मीही त्यांच्यातच.

माझा उजवा हात आपोआप पुढे गेला आणि जे हाताला लागलं ते धरलं. स्टँडचा दांडा होता. खुंटा धरावा तसा मी तो मुठीत धरला आणि हात फिरायला लागला.

"आई, माइक हलतोय!" नचिकेत ओरडला.

मी थांबले नाही. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर पुढे सरकला, स्टँडच्या मानेवरून माइक हळूच फिरवून काढला, आणि स्वतःच्या हातात, माझ्या ओठांपासून वितीवर, धरून बसला. स्टँड मला देऊन टाकला.

*धुकं पडलं पडलं, वाट दिसंना दारात*
*माय माझी हाक मारी दळणाच्या गं सुरात*

विमान डोक्यावर आलं. तंबूच्या दोऱ्या थरथरल्या. मी गप्प झाले, पण हात फिरतच राहिला. जात्यावरही असंच असतं. ओवी संपली की दुसरा हात सुपात जातो, मूठभर धान्य जात्याच्या तोंडात घालतो, आणि तेवढा वेळ बाई गप्प असते. घास घालायचा आणि मग पुढची. विमान गेलं, मी घास घातला, पुढची घेतली. आईच्या एकामागून एक आल्या. फटीत गेलेली ओळसुद्धा आली, जशी कुठे गेलीच नव्हती. त्यांच्या मागोमाग नव्या आल्या, ज्या मलाही ठाऊक नव्हत्या.

*आभाळीच्या पाखरा रं, किती करशील घरघर*
*मूठ जोंधळ्याची घेते, जा खाऊन घासभर*

*रात जागतो गं लेक, बोले साहेबाची वाणी*
*आईपाशी आला आता, पितो ओवीचं गं पाणी*

नचिकेतचा हात भरून आला असणार. त्याने दुसऱ्या हाताने कोपर धरलं होतं. जागचा हलला नाही.

मग दुसरं विमान गेलं, आणि त्याच्या मागच्या पोकळीत जी ओवी आली ती मी अडवू शकले असते. ओवीत बायका पूर्वीपासून हेच करत आल्या. समोरासमोर जे बोलायचं नाही ते जात्याला सांगायचं, आणि ऐकणाऱ्याने भिंतीपलीकडून ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. इथे भिंत नव्हती. पानिपतची घोंगडी होती आणि तिला पाठ टेकून ते स्वतःच बसले होते.

*कागदाच्या गं रानात धनी माझा हरवला*
*भ्याला, पर बोलेना गं, डोळा त्यानं लपवला*

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हात फिरवत राहिले. कोपऱ्यात कानटोपी काढल्याची सळसळ झाली. मग घोंगडी बाजूला सारून ते बाहेर गेले. बाहेरून त्यांचा फोनवरचा आवाज आला, ऑफिसातला, कोरडा. "हाँ, विठ्ठल जी, कल से. नहीं, एक दिन नहीं. पूरा हफ़्ता. पत्नी का ऑपरेशन है. जी. लिख लीजिए."

तोही माइकने घेतला असणार. त्याला सगळंच ऐकू यायचं.

दळण सरलं तेव्हा धुक्यातून ऊन झिरपायला लागलं होतं. नचिकेतने माइक मखमलीत निजवला आणि हात झाडत पडद्यासमोर बसला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"बाबा, विमान आहे सगळीकडे. अकरा वेळा तरी आहे. आणि स्टँडचा करकर आवाज. काही ठिकाणी काढता येईल, पण..."

"काढू नकोस."

"पण क्वालिटी..."

"काढू नकोस म्हटलं ना," हे म्हणाले. मग हेडफोन हातात घेऊन, "ते कसं घालतात कानाला?"

मी आल्याचा चहा केला. कप घेऊन हॉलमध्ये आले तर हे खुर्चीत बसलेले, पाठ माझ्याकडे, तोंड खिडकीकडे. हेडफोन डोक्यावर उलटा, डाव्याचा उजवीकडे. समोर धुक्यातून पाण्याची टाकी हळूहळू बाहेर येत होती. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर होता आणि बोटं बारीक गोल फिरत होती.

नचिकेत तंबू सोडायला गेला होता. स्टँड परत टीव्ही आणि देवघराच्या मधे आला होता, त्याच्यावर माकडटोपी.

"अहो, चहा."

नाही.

"अहो, थंड होतोय!"

नाही. मान थोडी डोलली, तीही माझ्यासाठी नव्हे.

"अहो!" मी ओरडले. गाठीसकट, नसेसकट, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले. सकाळपासूनचा वैताग, दोन महिन्यांचा वैताग, सगळा त्यात घातला. वरून विमान चाललं होतं तरी शेजारच्यांना ऐकू गेला असेल.

ह्यांना गेला नाही. त्यांच्या कानात मीच होते.